वरिष्ठ सर्वांदेखत अपमान करतात आणि नोकरी लगेच सोडता येत नाही. तोवर काय करावे?

प्रश्न

मी चार वर्षांपासून हिशेब विभागात काम करते. दीड वर्षापूर्वी नवे विभागप्रमुख आले आणि तेव्हापासून वातावरण पार बिघडले आहे. ते सूचना तोंडी देतात, दोन दिवसांनी त्या फिरवतात आणि मग बैठकीत सर्वांसमोर "हे तुम्हाला कुणी करायला सांगितले?" असे विचारतात. गेल्या आठवड्यात, त्यांनीच वगळायला सांगितलेला तक्ता अहवालात नाही म्हणून त्यांनी तो अहवाल टेबलावर आपटला. ती सूचना स्वतःच्या कानांनी ऐकलेले दोन सहकारी खाली मान घालून बसले होते, आणि ओरडण्यापेक्षा मला तेच अधिक लागले. आता सुट्टी संपत आली की पोटात गोळा येतो. घरच्या जबाबदारीमुळे आणखी सहा महिने तरी राजीनामा देता येणार नाही. माझ्यातच काही कमी आहे का?

पहिला प्रतिसाद

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: नाही. कडक वरिष्ठ चूक दाखवतात आणि ती कशी सुधारायची हेही सांगतात. तुमचे वरिष्ठ मात्र चूक तुमच्या माथी येईल अशीच तजवीज करत आहेत. हाइन्झ लेमान या मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात स्वीडनमध्ये अशा छळाचा अभ्यास केला, तेव्हा त्यांनी आठवड्यातून किमान एकदा आणि किमान सहा महिने चाललेला त्रास ही कसोटी धरली होती. एखाद्या दिवशी चढलेला आवाज आणि ठरवून केलेले खच्चीकरण यांतला फरक त्या कसोटीवर लक्षात येतो.

यापुढे तोंडी सूचना मिळाली की जागेवर परत येताच दोन ओळींचा ईमेल पाठवा: "आत्ता झालेल्या बोलण्यानुसार तक्ता वगळून अहवाल शुक्रवारी देत आहे. काही बदल असल्यास कृपया कळवावे." त्यात तक्रारीचा सूर अजिबात नको. उत्तर आले नाही तरी तारीख आणि वेळ यांची नोंद राहते. याशिवाय एक वही घरी ठेवा आणि घटना घडली त्याच दिवशी लिहा: किती वाजता, कोणासमोर, नेमके कोणते शब्द, आणि त्यामुळे कोणते काम अडले. "ते फार वाईट वागले" हे वाक्य चौकशीत टिकत नाही. "अहवाल टेबलावर आपटला, तिथे अमुक दोघे हजर होते" हे टिकते. मात्र कार्यालयाची गोपनीय कागदपत्रे घरी नेऊ नका, कारण त्यावरून उलट तुमच्यावरच कारवाई होऊ शकते.

दुसरा प्रतिसाद

नोंदी ठेवायलाच हव्यात, पण मला तुमच्या प्रकृतीची अधिक काळजी वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये 'बर्नआउट'चे वर्णन आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हणून केले आणि त्याची तीन लक्षणे सांगितली: शक्ती संपल्यासारखा थकवा, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपली कार्यक्षमता घटल्याची भावना. "माझ्यातच काही कमी आहे का" ही शंका या तिसऱ्या लक्षणाच्या फार जवळची आहे, ताई. अशाच शंकेत मी दोन वर्षे काढली आणि झोप पूर्ण उडाल्यावर डॉक्टरांकडे गेले. तेवढा उशीर तुम्ही करू नका.

तिसरा प्रतिसाद

वरील सल्ल्यात एकच भर घालतो. मनुष्यबळ विभागाकडे जाताना "त्यांना शिक्षा करा" असे म्हणण्याऐवजी बदली किंवा लेखी सूचनांची पद्धत अशी नेमकी मागणी करा, कारण तो विभाग अखेर व्यवस्थापनाचाच भाग असतो आणि मोघम तक्रार तिथे सहज बाजूला पडते. आणि त्या दोन सहकाऱ्यांशी एकेकट्याने बोला. भरल्या बैठकीत गप्प राहिलेला माणूस एकांतात पुष्कळदा खरे बोलतो.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. आज पहिला ईमेल पाठवला. त्यावर "ठीक" एवढेच उत्तर आले, पण ते लेखी आले. डॉक्टरांची वेळ गुरुवारची घेतली आहे. सहकाऱ्यांपैकी एकीला उद्या भेटणार आहे.