डोपामिन रिसेप्टरचे जीन सापडले, त्याचा औषधाला काय उपयोग?

प्रश्न: डोपामिन म्हणजे मेंदूतलं निरोप नेणारं रसायन. औषध चिकटतं त्याच्या रिसेप्टरला म्हणजे ते पकडणाऱ्या पेशीवरच्या प्रोटीनला, जीनला नाही. मग डीआरडी२, डीआरडी४ या रिसेप्टर बनवणाऱ्या जीन्सचं एवढं कौतुक कशासाठी? ही जीन थेरपी आहे का? सोप्या भाषेत सांगा ना कोणीतरी.

पेशीवाला: नाही हो, जीन थेरपीचा काही संबंध नाही. आधी उंदराचा नाहीतर वासराचा मेंदू वाटून त्यात औषध टाकून बघायचे, आणि त्यात सगळे रिसेप्टर एकत्र, त्यामुळे औषध नक्की कोणाला चिकटलं ते कळायचंच नाही. १९८८ मध्ये उंदराच्या डी२ या डोपामिन रिसेप्टरचा जीन क्लोन झाला, म्हणजे वेगळा काढून त्याच्या प्रती केल्या, मग माणसाचे डी१ ते डी५ पाचही मिळाले. आता माणसाचा जीन प्रयोगशाळेत वाढवलेल्या हॅमस्टरच्या सीएचओ पेशींत घालतात, पेशी तोच एक रिसेप्टर बनवतात, तो डी२ सारखा असेल तर त्यावर स्पायपेरोन नावाचं रेडिओअॅक्टिव्ह केलेलं औषध बसवायचं आणि नवीन रेणू त्याला किती हुसकावतो ते मोजायचं. पण नुसतं चिकटून भागत नाही, म्हणून सीएएमपी, म्हणजे पेशीच्या आत निरोप पोचवणारा रेणू, पण बघतात. डी१, डी५ चालू झाले की ते वाढतं, डी२, डी३, डी४ मुळे कमी होतं, त्यावरून औषध रिसेप्टर चालू करतंय का अडवतंय ते समजतं.

प्रश्नकर्ता: अच्छा! मग एवढं नेमकं जमतंय तर स्किझोफ्रेनियाच्या औषधांना साइड इफेक्ट का असतात अजून?

रात्रपाळी: कारण ही औषधं डी२ अडवतात आणि डी२ एकाच कामाला नाही ना. स्ट्रायटममध्ये, म्हणजे हालचाली सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागात, जास्त अडवला की हातपाय कडक होतात, थरथरतात, मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीत अडवला की प्रोलॅक्टिन हे दूध आणणारं हार्मोन वाढतं. रिसेप्टर तोच, जागा वेगळी, मग नेमकेपणा काय कामाचा? डी४ चं तर हसंच झालं. १९९१ ला कळलं की क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियाचं औषध डी२ पेक्षा डी४ ला जास्त घट्ट चिकटतं, सगळे त्याच्यामागे लागले, फक्त डी४ अडवणारं एल-७४५,८७० नावाचं औषध बनवलं आणि पेशंटवर ट्रायलमध्ये ते फेल. अॅरिपिप्राझोल या दुसऱ्या औषधाने वेगळी वाट धरली, ते डी२ पूर्ण बंद न करता अर्धवट चालू ठेवतं.

पेशीवाला: +१. शिवाय डी२ आणि डी३ ची औषध बसायची जागा इतकी सारखी की एकालाच धरणारा रेणू बनवणं महाकठीण. डी३ ची रचना २०१० ला मिळाली, रिस्पेरिडोन हे औषध बसलेल्या डी२ ची २०१८ ला, आता निदान फरक कुठे आहे ते दिसतं तरी.

शंकेखोर: जाता जाता, डीआरडी४ मध्ये डीएनएच्या ४८ अक्षरांचा तुकडा कोणात २ वेळा कोणात ७ वेळा येतो, त्यावरून "तुम्ही साहसी आहात" सांगणाऱ्या टेस्टवर पैसे घालवू नका. आणि डी२ चा म्हणून मिरवणारा टॅक१ए हा डीएनएतला बदल तर शेजारच्या एएनकेके१ जीनमध्ये आहे!