म्हणे अरबांकडे होती फक्त छडी आणि घोकंपट्टी!

खडूफळा: काल इथे एकाने ठोकून दिलं, "मध्ययुगीन अरबांचा शिक्षणविचार म्हणजे पाठांतर आणि मार, बाकी शून्य." राहवेना म्हणून लिहितोय. इब्न खल्दून या अरब इतिहासकाराने १३७७ साली 'मुकद्दिमा' या ग्रंथात मुलांना धाकात ठेवण्यावर वेगळं प्रकरणच लिहिलंय. मार खाऊन वाढलेलं पोर आळशी होतं, खोटं बोलतं, लबाडी शिकतं आणि पुढे तोच त्याचा स्वभाव होतो, असं त्याचं म्हणणं. घोकंपट्टीलाही सोडलं नाही. मोरोक्कोत विद्यार्थी मदरशात १६ वर्षं काढतो, ट्यूनिसमध्ये ५. कारण मोरोक्कोतली मुलं पाठाला बसतात पण तोंड उघडत नाहीत. चर्चेला उभं केलं की ततपप. बाहेरचा टीकाकार नव्हे, ट्यूनिसचाच माणूस.

तिरकस_तात्या: टीका कशावर होते? जे सर्रास चालतं त्यावरच ना! त्याच्या ५०० वर्षं आधी आजच्या ट्युनिशियातल्या कैरवानच्या इब्न सहनूनने शिक्षकांसाठी नियम लिहिले, त्यात तीन फटके मंजूर आहेत.

खडूफळा: अर्धाच नियम सांगितलात, तात्या. तीनच्या वर जायचं तर बापाची परवानगी, आणि डोक्यावर-तोंडावर मारायचं नाही. नवव्या शतकात! आमच्या शाळेत पट्टी उभी धरून बोटांच्या पेरांवर बसायची. कुणाच्या बापाला विचारलं होतं?

निवृत्त_हेडसर: आम्हाला शिव्या द्यायला ट्यूनिसमार्गे कशाला येता? पावकी, निमकी, पाऊणकी मला आजही येते. नातवाला बाराचा पाढा विचारला तर मोबाइल काढतो.

चिडकी_काकू: सर, पाढे राहू द्या, गाईडचं बोला. याच इब्न खल्दूनने संक्षिप्त पुस्तकांवरही झोड उठवलीय. मोठे ग्रंथ पिळून चार पानांत कोंबायचे, पाठांतर सोपं व्हावं म्हणून, आणि मग पोराचा जीव त्या गाठी सोडवण्यातच जातो. माझ्या लेकीच्या क्लासवाल्यांनी पाठ्यपुस्तक उघडूच नका सांगितलं. वर नोट्सचे पैसे वेगळे!

बँकवाला: गाईडला नावं ठेवू नका. गावात ना क्लास ना वाचनालय. गाईड नसतं तर दहावीलाच गचकलो असतो. मोठे ग्रंथ वाचायला घरात ग्रंथ लागतात, काकू.

चिडकी_काकू: पास झालात हो, शिकलात का ते विचारतेय.

बँकवाला: तुमचं कर्जप्रकरण माझ्याकडे आलं की सांगतो.

तिरकस_तात्या: घ्या, चालले कर्जप्रकरणावर. बरं खडूफळा, तुमचा इब्न खल्दून संतमहात्मा, झालं समाधान? आता मुलींचं बोला.

खडूफळा: अकराव्या शतकात करीमा अल-मरवझिया मक्केत बुखारीचा हदीससंग्रह, म्हणजे पैगंबरांच्या वचनांचा ग्रंथ, शिकवायची. बगदादचा खतीब, केवढा विद्वान, तिच्यापुढे बसून ऐकून गेला.

तिरकस_तात्या: एक करीमा! मदरशात पगारी जागेवर किती बायका होत्या?

खडूफळा: जवळजवळ नाहीतच, तो मुद्दा तुमचा. पण तात्या, "बाकी शून्य" कुठे गेलं?

निवृत्त_हेडसर: पाढ्यांचं कुणी बोलणार आहे का?