बफिंग-पॉलिशच्या यंत्रांच्या आवाजापासून कान कसे जपावेत?

पाथर्डी फाटा:

नमस्कार. नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळ माझा गाड्यांना पॉलिश आणि कोटिंग करून देण्याचा छोटा गाळा आहे. माझ्याबरोबर दोन मुले काम करतात. ओरखडे काढायला रोटरी पॉलिशर, शेवटच्या चकाकीसाठी डीए (ड्युअल ॲक्शन, म्हणजे फिरता-फिरता डुलणारा) पॉलिशर, आतल्या सफाईला व्हॅक्यूम आणि फटींतले पाणी उडवायला कॉम्प्रेसरची ब्लो गन, असा आमचा रोजचा पसारा असतो. गाळा तीन बाजूंनी बंद आहे, वर पत्रा आहे, आणि ताज्या पॉलिशवर धूळ बसू नये म्हणून शटरही अर्धे ओढून घ्यावे लागते. त्यामुळे सगळा आवाज आतल्या आत घुमतो.

दसऱ्याच्या आधी गाड्यांची रीघ लागते, तेव्हा संध्याकाळी कानांत दडे बसतात आणि रात्री आडवे झाल्यावर बारीक शिट्टीसारखा आवाज येत राहतो. सकाळपर्यंत तो थांबतो. दोघांतल्या धाकट्या मुलाचीही हीच तक्रार आहे आणि मला त्याचीच अधिक काळजी वाटते. पॉलिशरचा आवाज ग्राइंडरइतका कर्कश नसतो, तरीही त्याने कान खरोखर बिघडतात का? फोमचे प्लग घ्यावेत की हेडफोनसारखे दिसणारे इअर मफ? शिवाय पॅडवर दाब जास्त झाला की मशीनचा सूर बदलतो आणि त्यावरून आम्ही हात हलका करतो. कान झाकले तर ते कळेनासे होईल का?

निवृत्त, अंबड:

मी अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सुरक्षा विभागात काम केले आहे, त्या अनुभवावरून लिहितो. पॉलिशरचा आवाज कर्कश वाटत नाही, हीच त्यातली फसगत आहे, कारण कानाची हानी नुसत्या तीव्रतेवर ठरत नाही. आवाज किती आणि तो किती वेळ कानावर पडला, या दोहोंवर मिळून ती ठरते. मशीन, वेग आणि जागा यांप्रमाणे रोटरीचा आवाज साधारण ८५ ते ९५ डेसिबलच्या दरम्यान असतो, तर ब्लो गन शंभराच्या घरात सहज जाते. अमेरिकेतील 'नायॉश' ही कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी संस्था आठ तासांसाठी ८५ डेसिबलची मर्यादा सांगते आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करते. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास, ९४ ला एक तास आणि १०० ला जेमतेम पंधरा मिनिटे. एका मोठ्या गाडीचे कंपाउंडिंग (खरखरीत पॉलिशने ओरखडे काढणे) दोन-तीन तास चालते, हे लक्षात घेतले तर दुपारच्या जेवणाआधीच दिवसाचा वाटा संपलेला असतो.

आपल्याकडे कारखान्यांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा धरत आले आहेत, आणि २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीतही आवाजामुळे येणाऱ्या बहिरेपणाची नोंद व्यवसायजन्य आजार म्हणून होती. दोन-तीन माणसांच्या गाळ्यात तपासणीला कोणी येणार नाही, म्हणून ही जबाबदारी मालकानेच घ्यायची असते. मोजण्याचे यंत्र हाताशी नसेल तर एक साधी कसोटी पुरते: हातभर अंतरावर उभ्या असलेल्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागत असेल, तर तेथे ८५ च्या आसपास किंवा त्याहून अधिक आवाज आहे असे समजावे.

कानात काही घालण्याआधी आवाज कमी करता येतो का ते पाहावे. कॉम्प्रेसर गाळ्याबाहेर जाळीच्या पिंजऱ्यात ठेवून नळी आत घ्यावी. दोन मशीन एकाच वेळी शेजारी-शेजारी चालवू नयेत. सारख्या आवाजाची दुसरी यंत्रणा सुरू झाली की ३ डेसिबल वाढतात, म्हणजेच सुरक्षित वेळ निम्मा होतो. रोटरी पूर्वीपेक्षा जास्त घरघरत असेल तर बेअरिंग आणि गिअरमधले ग्रीस तपासून घ्यावे.

गंगापूर रोड डिटेलिंग:

वरच्या उत्तराशी सहमत आहे. मी याच धंद्यात असल्यामुळे प्लग आणि मफ यांबद्दल सांगतो.

फोमचा प्लग स्वस्त आहे आणि नीट बसला तर उत्तम काम करतो, पण बहुतेक जण तो नुसता कानाच्या तोंडाशी चिकटवतात. तो स्वच्छ हातांनी बोटांत वळून, सुरकुती न पडू देता, बारीक काडीसारखा करावा. मग दुसरा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन कान वर आणि मागे ओढावा, म्हणजे कानाची वाकडी नळी सरळ होते. प्लग आत सरकवून तो फुगेपर्यंत बोटाने अर्धा मिनिट धरून ठेवावा. समोरून पाहणाऱ्याला प्लगचे टोक ठळक दिसत असेल तर तो पुरेसा आत गेलेला नाही. कंपाउंड लागलेल्या बोटांनी तो कधीही वळू नये, कारण ती भुकटी थेट कानात जाते. आमच्या कामात हात सदैव माखलेले असतात, त्यामुळे दिवसातून अनेकदा काढ-घाल करायची असेल तर दोरीचे, धुता येणारे प्लग किंवा मफ सोयीचे पडतात.

मफ लावायला सोपा आणि लावला की लगेच दिसतो, त्यामुळे मुलांवर लक्ष ठेवणेही सोपे जाते. अडचण दोन ठिकाणी येते. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखाली त्याच्या गाद्या घामाने ओल्या होतात, आणि सुरक्षा चष्म्याची काडी गादीखालून गेली की तिथल्या फटीतून आवाज आत शिरतो. म्हणून चष्मा बारीक, चपट्या काडीचा घ्यावा आणि गाद्या कडक झाल्या की बदलाव्यात. मी स्वतः सलग पॉलिशला फोमचे प्लग आणि ब्लो गनच्या वेळी त्यावर मफ वापरतो. दोन्ही एकत्र घातले म्हणून त्यांचे आकडे बेरजेने वाढत नाहीत, साधारण पाचएक डेसिबलची भर पडते. पण ब्लो गनला तेवढी भर हवीच. जिथे जमेल तिथे ब्लो गनऐवजी जाड मायक्रोफायबरने पाणी टिपले तर तो आवाजच टळतो.

मशीनचा सूर बदलल्याचे कळेल का, याची धास्ती बाळगू नका. प्लग सगळेच आवाज खाली आणतो, त्यामुळे दाब वाढल्यावर मोटारीचा सूर उतरतो तो उतरलेला कळतोच. शिवाय डीएच्या बॅकिंग प्लेटवर (पॅड जिच्यावर बसते त्या तबकडीवर) मार्करने एक रेघ ओढून ठेवा. पॅड फिरायचे थांबले की रेघ स्पष्ट दिसू लागते, त्यामुळे दाब जास्त झाल्याचे कानाआधी डोळ्यांना समजते.

ऑडिओलॉजिस्ट, नाशिक रोड:

तुमच्या प्रश्नातली दडे बसण्याची आणि शिट्टीची तक्रार मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आवाज सहन करून थकलेल्या अंतर्कर्णाची ती खूण आहे. रात्रभराच्या विश्रांतीनंतर ऐकणे पूर्ववत झाल्यासारखे वाटते, पण हे वारंवार होत राहिले तर शंखिकेतल्या (आतल्या कानाच्या शंखासारख्या भागातल्या) आवाज टिपणाऱ्या केसपेशी कायमच्या मरतात आणि माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. पहिला फटका साधारण ४००० हर्ट्झच्या आसपास बसतो. त्या पट्ट्यात बोलण्यातली बारीक व्यंजने येतात, म्हणून अशा माणसाला समोरचा बोलतो हे ऐकू येते, पण गलक्यात शब्द उमगत नाहीत, आणि तो स्वतः मात्र म्हणतो की मला सगळे ऐकू येते.

तुम्ही तिघांनीही एकदा शुद्ध स्वर श्रवणचाचणी (वेगवेगळे सूर ऐकवून ऐकण्याचा आलेख काढणारी) करून घ्यावी आणि पुढे दर वर्षी ती करावी, म्हणजे आलेख पहिल्या आलेखाशी ताडून पाहता येईल. चाचणीआधी किमान १४ तास मोठ्या आवाजापासून दूर राहावे, नाहीतर कानाचा तात्पुरता थकवा आलेखात उतरतो. सुटीनंतरची सकाळ त्यासाठी बरी. शिट्टीचा आवाज सकाळीही थांबला नाही, किंवा एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागले, तर वाट न पाहता त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे.

दोन गोष्टी सहसा कोणी विचारत नाही. टोल्युइन, झायलीन यांसारखी द्रावके थिनरमध्ये असतात आणि ती स्वतःच अंतर्कर्णाला अपायकारक आहेत. मोठ्या आवाजाच्या जोडीने त्यांचा परिणाम अधिक होतो. म्हणून टचअपचे (रंगाच्या डागडुजीचे) काम हवा खेळती ठेवून करावे. दुसरे असे की, आपल्या नाशकात कितीतरी तरुण ढोल पथकांत वाजवतात. दिवसभर पॉलिशर आणि संध्याकाळी सराव, असे असेल तर कानाला विश्रांती मिळतच नाही. त्यांनी सरावातही प्लग घालावेत.

पाथर्डी फाटा:

सर्वांचे मनापासून आभार. धाकटा मुलगा खरोखरच पथकात ताशा वाजवतो, हे माझ्या लक्षातच आले नसते. आता एक शंका उरली आहे. मुले गाणी ऐकण्यासाठी कानात इअरफोन घालतात आणि तेच संरक्षण आहे असे म्हणतात. शिवाय प्लगच्या पाकिटावर ३० डेसिबल लिहिलेले असेल तर तेवढे धरून चालावे का?

निवृत्त, अंबड:

इअरफोन हे संरक्षण नव्हे. मशीनच्या वर गाणे ऐकू येण्यासाठी मुले आवाज वाढवतात आणि कानावर दोन्हींचा मारा होतो. कापसाचा बोळाही उपयोगाचा नाही.

पाकिटावरचा आकडा प्रयोगशाळेतला असतो. एनआरआर (आवाज किती घटतो तो पाकिटावरचा आकडा) ३० असेल तर त्यातून ७ वजा करून उरलेल्याचे निम्मे धरावे, म्हणजे साधारण साडेअकरा डेसिबल. ९४ च्या रोटरीला तेवढे उतरले तरी कानापर्यंत ८२-८३ पोहोचतात, म्हणजे काम भागते. मात्र प्लग सतत कानात राहिला पाहिजे. आठ तासांच्या आवाजापैकी एक तास प्लग काढून ठेवला, तर तो कितीही भारी असला तरी दिवसभराचा फायदा ९ डेसिबलच्या वर जात नाही. निम्मा वेळ काढला तर अवघे ३ उरतात. गिऱ्हाईक आले की प्लग काढण्याऐवजी आधी मशीन बंद करण्याची सवय मुलांना लावा. सातपूर-अंबडच्या सुरक्षा साहित्याच्या दुकानांत फोमच्या प्लगचे मोठे खोके मिळते. ते मशीनच्या स्विचबोर्डाशेजारीच टांगून ठेवा.