कलम ६३ काढा म्हणणाऱ्यांना उत्तर

शिळफाटा_पलीकडे: काल इथं एकांनी लिहिलं की कूळकायद्याचं कलम ६३ काढून टाका, शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेऊ द्या, गिऱ्हाईक वाढलं की लहान शेतकऱ्याला भाव मिळेल. वाचून डोकंच फिरलं. मुरबाड-शहापूरला एकरभरवाला विकतो कधी? लग्न, दवाखाना, सावकार. तेव्हा गिऱ्हाईक कितीही असू दे, भाव समोरचाच ठरवतो. बाजार सुधारायचाय ना, मग आधी खंडाचा, म्हणजे जमीन भाड्याने कसायला द्यायचा, सुधारा. माझ्या मामाची खाचरं शेजारी कसतो, सगळं तोंडी, कारण लेखी दिलं तर कूळ लागेल, कसणाराच जमिनीवर हक्क सांगेल ही भीती. मग कसणाऱ्याला पीककर्ज नाही आणि अवकाळीची भरपाई येते मामाच्या खात्यात. नीती आयोगाने २०१६ ला भाडेपट्ट्याचा नमुना कायदा दिला त्यात हेच होतं, मालकी शाबूत ठेवा आणि कसणाऱ्याला कर्ज-विमा द्या.

कोपरखैरणे_से१९: मीच लिहिलं होतं. अट असून फार्महाऊस थांबली का? पैसेवाला कुठूनतरी शेतकरी दाखला आणतो, अडतो आम्ही पगारदार. आणि स्वतःची जमीन कुणाला विकायची हे शेतकऱ्याला सरकारने का सांगावं?

उरणची_लेक: भाव कसले सांगता? आमची विकली नाही, नवी मुंबई वसवायला सरकारने घेतली. ९५ गावं. १९८४ च्या जानेवारीत पाच जण गोळीबारात गेले तेव्हा कुठं घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत, त्यातलेही पावणेचार सोयीसुविधांसाठी कापून हातात पावणेनऊ. आमच्या आजाने तर भूखंड ताब्यात यायच्या आधीच एजंटला त्याच्या हक्काचा कागद लिहून दिला, घरात आजारपण होतं. आज तिथं टॉवर आहे.

कोपरखैरणे_से१९: ताई, वाईट झालं, पण ते भूसंपादन. बाजाराचा काय संबंध?

उरणची_लेक: भूखंडाआधी कागद विकला गेला, हा बाजार नाही तर काय? तुमची बिल्डिंग कुणाच्या भातखाचरावर उभी आहे ते विचारा आधी!

घणसोली_गाव: आणि गरजेपोटी बांधलेल्या घरांचं काय? पोरं वाढली, गावठाण तेवढंच, घर बांधलं तर अनधिकृत. त्यावर धागा काढा कोणीतरी.

कोपरखैरणे_से१९: मी कर्ज काढून घर घेतलंय, कुणाचं लुबाडलं नाही. आवाज खाली ठेवा.

शिळफाटा_पलीकडे: भांडू नका. दाखल्यांचा धंदा चालतो हे खरंय, तेवढं मान्य. पण ताईंच्या आजाला गिऱ्हाईक कमी नव्हतं, थांबायची ऐपत नव्हती. त्या वेळी बँकेने भूखंडाच्या हक्कावर कर्ज दिलं असतं तर कागद विकला असता का?

कोपरखैरणे_से१९: नसता विकला. तरी कलम ६३ वर माझं मत तेच.