बागेत नेपाळी किती, गावचे किती? सौदीतून परत आलेल्या बागायतदाराचा प्रश्न

पावसचा_बागवाला

नमस्कार मंडळी.

रत्नागिरीतल्या पावसजवळ आमची आंब्याची २२० कलमं आहेत, अब्बांनी लावलेली. २०१९ ला दम्मामहून कायमचा परत आलो, तेव्हापासून बाग मीच बघतो. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत विषय निघाला की बागांमधून निम्मी तरी माणसं गावचीच घ्यावीत, सगळं नेपाळी लोकांच्या हाती देऊ नये. ठराव झाला नाही, पण बऱ्याच माना माझ्याकडे वळल्या. माझ्या बागेत गेले चार हंगाम गावचं एकही माणूस नाही. तिथे मला बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

माझ्याकडे नेपाळमधल्या कैलाली जिल्ह्याचं एक जोडपं आणि नवऱ्याचे दोन भाऊ असतात. दिवाळीनंतर येतात, सीमेवरच्या गौरीफंट्यावरून दिल्ली आणि तिथून रेल्वेने रत्नागिरी. पहिल्या पावसापर्यंत बागेतल्या खोपीत राहतात. रात्रीची राखण, पहाटेची फवारणी, वानर हाकलणं, मार्चपासून तोडणी. १९५० च्या भारत-नेपाळ तहामुळे त्यांना व्हिसा लागत नाही, इथे राहून काम करता येतं. त्यामुळे कायद्याचा प्रश्न नाही. प्रश्न माझ्या मनाचा आहे.

२००९ पासून मी दम्मामात मोबाईल दुरुस्ती करायचो, दुकान कफीलच्या नावावर, म्हणजे ज्याच्या जबाबदारीवर परक्याला तिथे राहता येतं त्या सौदी मालकाच्या. २०११ ला निताकात आलं, म्हणजे कंपनीत सौदी किती आणि परके किती यावर कंपनीचा रंग ठरायचा. आमच्यापर्यंत ते खरं पोचलं २०१६ ला. मोबाईलच्या दुकानात रमजानपर्यंत निम्मे आणि सप्टेंबरपासून सगळेच सौदी हवेत, असा हुकूम निघाला. कफीलने बावीस वर्षांचा एक पोरगा आणला आणि म्हणाला, याला शिकव. पहिल्याच दिवशी त्याने फोन नीट तापायच्या आधी काचेखाली पातं घातलं आणि स्क्रीन तडकली. मी त्याचा हात धरून दाखवलं, की पातं रेटायचं नाही, गोंद सुटला की ते आपसूक सरकतं. तीन महिन्यांत चांगला तयार झाला. शेवटच्या दिवशी माझं भिंग त्यालाच देऊन टाकलं. दारापर्यंत सोडायला आला तेव्हा म्हणाला, दोन वर्षं वडील माझ्यासाठी नोकरी शोधत होते. मला त्याचा राग आला नाही. देश त्याचा, पहिला हक्क त्याचा, हे मला तेव्हाही पटलं होतं.

पुढे एका गोदामात मेंटेनन्सचं काम मिळालं. पण जुलै २०१७ पासून बायकामुलांवर माणशी महिना १०० रियाल फी लागली आणि पुढच्या जुलैला २०० झाली. तिघांचे वर्षाचे ७२०० रियाल, तेही इकामा, म्हणजे तिथला राहण्याचा परवाना, रिन्यू करताना आगाऊ. २०१८ ला कुटुंब परत पाठवलं, वर्षभरात मीही आलो.

तिथे परका असताना जो नियम मला रास्त वाटला, तो इथे मालक झाल्यावर का नकोसा वाटतो? पूर्वी आमच्याकडे तोडणीला गावचे दहा-बारा जण यायचे. पडवीत बायका आंबा निवडायच्या, पेंढा घालून पेट्या भरायच्या. आता तेही नेपाळीच करतात, कारण ते हाताशी असतात. स्वस्त पडतात असं नाही. जोडप्याला महिना २६००० आणि भावांना १४-१४ हजार देतो, वर तांदूळ. गावच्या माणसाला ५०० रोज होता. निम्मी माणसं गावची घ्यायची म्हटली तर कुठल्या कामाला घ्यायची, आणि रात्री वानर राखायला कोण येणार? ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा.

---

मिरकरवाड्याचा

भाऊ, हा प्रश्न घेऊन बंदरावर या. माझ्या पर्ससीन (घेराच्या मोठ्या जाळ्याच्या) बोटीवर २८ माणसं आहेत. तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, आणि पाच जण आपले, बाकी नेपाळी. पर्ससीनची मासेमारी १ सप्टेंबरला सुरू होते, पण जुलैतच उचल पाठवावी लागते, नाहीतर दुसरा मालक नेतो. यंदा दोघे उचल घेऊन आलेच नाहीत. जे येतात त्यातल्या निम्म्यांना पोहता येत नाही, डोंगरातली माणसं ती. वारा सुटला की माझा जीव थाऱ्यावर नसतो.

लोक म्हणतात नेपाळी आले म्हणून आपली पोरं बोटीवरून उतरली. मी डोळ्यांनी बघितलंय ते उलटं आहे. वडिलांच्या वेळी सगळे वाट्यावर असायचे. मासळी विकली की डिझेल-बर्फ वजा करून उरलेल्याचे वाटे पडायचे. बांगडा भरून आला की खलाशाच्या घरीही सण व्हायचा. मग मोठी बोट आली, बँकेचं कर्ज आलं, आणि आम्ही मालकांनी वाटा बंद करून महिन्याचा पगार लावला. मेहनत तीच, पण चांगल्या दिवसाचा फायदा एकट्या मालकाला. आपली पोरं त्यानंतर गेली. नेपाळी आले ते रिकाम्या जागेवर आले. माझा स्वतःचा मुलगा पुण्यात कंपनीत आहे, त्याला बोटीवर ये म्हणायला माझं तोंड उघडत नाही.

तुमच्या रात्रीच्या राखणीला गावचं कोणी येणार नाही, ते सोडून द्या.

---

पडवीतल्या_बाईची_लेक

दादा, माझी आई तुमच्याच भागात दुसऱ्या एका बागेत वीस वर्षं आंबा निवडायची. देठाजवळचा खळगा आणि आंब्याचे खांदे नुसते हाताने चाचपून ती सांगायची, हा उद्याचा, हा चार दिवसांनंतरचा. दिवे गेले तरी तिचं काम थांबत नसे. चार वर्षांपूर्वी मार्चमध्ये नेहमीसारखी गेली, तर फाटकातच सांगितलं, यंदा माणसं आहेत. आदल्या दिवशी निरोपसुद्धा नाही. तिला मजुरी गेल्याचं वाईट वाटलंच, पण वीस वर्षांची ओळख दोन शब्दांत संपली हे जास्त लागलं. पाण्याची बाटली आणि भाकरी तशीच घेऊन ती घरी आली.

तुम्ही लिहिलंय की नेपाळी स्वस्त पडत नाहीत. त्यांचा हिशोब कधी करता ते लिहिलं नाहीत. आमच्याकडे बहुतेक बागांत तो हंगाम संपल्यावर होतो. मध्ये खर्चायला हजार-दोन हजार, बाकी सगळे मालकाकडे. तुमच्याकडे वेगळं असेल तर सांगा. म्हणजे सात महिने त्या माणसाचे पैसे तुमच्याकडे अडकलेले. तो आजारी पडला, भांडण झालं, दुसऱ्याने जास्त देऊ केले, तरी तो हलणार नाही. माझी आई शनिवारी पैसे मागायची. माझ्या शाळेत बोलावलं की एक दिवस यायची नाही. तुम्ही म्हणता ते ‘हाताशी’ असणं म्हणजे हेच आहे. तशी हाताशी राहणारी बाई गावात तुम्हाला कुठून मिळणार?

आणि बागेत संडास नाही. आम्ही निदान संध्याकाळी घरी जातो. त्या खोपीतल्या बाईचं सात महिने काय होत असेल, याचा विचार करा. मला तिचा राग नाही.

---

रियाधहून_चिपळूण

ताईंनी नेमकी नस धरली. मी रियाधमध्ये एका कंत्राटदार कंपनीत आठ वर्षं एचआर बघितलं, निताकातच्या याद्या माझ्याच हातून जायच्या. लाल, पिवळा, हिरवा, प्लॅटिनम. लाल झालात की नवे व्हिसा बंद, इकामे रिन्यू होत नाहीत. मग कंपनी सौदी पोरांची नावं सामाजिक विम्याच्या यादीत चढवायची, कारण पूर्ण एक माणूस धरला जायला ३००० रियाल पगार पुरायचा. पगार खात्यावर जाई आणि पोराला घरीच थांबायला सांगितलं जाई. एकदा एक मुलगा खरंच कामावर आला. चार दिवस रिसेप्शनसमोरच्या सोफ्यावर बसला. पाचव्या दिवशी मला विचारलं, माझं टेबल कुठाय? मला त्याला उत्तर देता आलं नाही. ते मला अजून आठवतं.

कंपनीला तो का नको होता? समोर कफालतीत बांधलेला परका माणूस होता. कफीलने सोडल्याशिवाय त्याला नोकरी बदलता येत नसे, एक्झिट-रीएंट्रीशिवाय, म्हणजे देशाबाहेर जाऊन परत यायच्या परवान्याशिवाय, घरी जाता येत नसे. अशा माणसाशी गावचा मोकळा माणूस स्पर्धा करूच शकत नाही, मग कोटा ५० टक्के ठेवा नाहीतर ८०. १४ मार्च २०२१ पासून तिथे वर्षभराच्या नोकरीनंतर कफीलला न विचारता नोकरी बदलायची मुभा मिळाली. घरकामगार आणि घरचे ड्रायव्हर त्यातून वगळले, ही मोठी उणीव. पण माझ्या मते सौदी पोरांसाठीही निताकातच्या रंगांपेक्षा ते पाऊल जास्त कामाचं होतं.

बायकांचंही तसंच. जून २०१८ ला त्यांना गाडी चालवायला परवानगी मिळाली, कामाच्या जागी सोयी झाल्या, आणि थोड्याच वर्षांत नोकरीत येणाऱ्या सौदी बायकांचं प्रमाण जवळपास दुप्पट झालं.

तरीही मी कोट्याच्या पूर्ण विरोधात नाही. हुकूम नसता तर दम्मामातला तुमचा तो पोरगा तुमच्या स्टुलापर्यंत पोचलाच नसता. फक्त डोकी मोजू नका, कामं वाटा. राखण-फवारणी त्यांची, तोडणी-निवड गावाची. आणि पैसे देण्याची रीत सगळ्यांना एकच.

---

पावसचा_बागवाला

ताई, तुमचं उत्तर रात्री दोनदा वाचलं. हिशोब मीही जूनमध्येच करतो. लपवायचं नव्हतं, पण प्रश्न लिहिताना ते माझ्या डोक्यातच आलं नाही.

दम्मामात पहिली दोन वर्षं माझा पासपोर्ट कफीलच्या तिजोरीत होता. अब्बा गेले तेव्हा एक्झिट-रीएंट्री मिळायला नऊ दिवस लागले. मातीला पोचलो नाही. या लोकांचे कागद मी कधी मागितले नाहीत, याचं मला समाधान वाटायचं. पण सात महिन्यांचा पगार अडकवला की कागद कशाला लागतात?

आज सकाळी खोपीवर गेलो आणि विचारलं, दर महिन्याला पैसे दिले तर? तो आधी घाबरला, कामावरून काढतोय असं वाटलं त्याला. बायको पटकन म्हणाली, हवेत, सासूच्या औषधाला दर महिन्याला पाठवायचे असतात, आत्ता तिथे सावकाराकडून उचलतात. इतकी वर्षं माझ्याकडे पैसे पडून, आणि तिकडे तिची सासू व्याज भरतेय.

तोडणी आणि निवड या हंगामापासून गावाकडे देतो. निवडीला बायकांना ३५० द्यायचो, ते पुरुषांइतके ५०० करतो. हिशोब शनिवारी. संडासाचा खड्डा या आठवड्यात खणायला घेतो, खोपीजवळ एक आणि पडवीजवळ एक. राखण-फवारणी त्या चौघांकडेच राहील, आणि ते ग्रामसभेत उभा राहून सांगेन.

एक अडचण आहे. त्याचं इथे खातं नाही. दर महिन्याला कैलालीला पैसे पाठवायचे कसे? रोख साठवून नेणंही धोक्याचं, २०१८ ला नेपाळने १०० च्या वरच्या भारतीय नोटांवर बंदी घातली तेव्हा ५०० च्या नोटा घेऊन जाताना त्यांची फार ओढाताण झाली होती.

---

निवृत्त_कॅशियर

याची सोय आहे. भारत-नेपाळ रेमिटन्स म्हणून रिझर्व्ह बँकेची योजना २००८ पासून चालू आहे. एनईएफटी होणाऱ्या बँकेच्या शाखेतून पैसे पाठवता येतात, स्टेट बँकेमार्फत ते नेपाळमध्ये नेपाळी रुपयांत मिळतात. इथे खातं नसलं तरी ओळखीच्या कागदावर रोख भरून एका वेळी ५०००० पर्यंत जातात. मात्र रोखीने वर्षाला १२ वेळाच पाठवता येतात, त्यामुळे महिन्याला एकदाच पाठवा. खात्यातून पाठवायचे असतील तर २०२१ पासून मर्यादा २ लाख आहे. त्याचं नागरिकता प्रमाणपत्र सोबत न्या. गर्दी असेल तर काउंटरवर ‘हे होत नाही’ म्हणतील, तेव्हा योजनेचं नाव घेऊन शाखाधिकाऱ्याला भेटा.

---

पडवीतल्या_बाईची_लेक

दादा, आईला सगळं वाचून दाखवलं. ती विचारतेय मोहोर कसा आहे आणि तोडणी कधी. तिच्याबरोबर वाडीतल्या आणखी तिघी येतील म्हणते.

---

पावसचा_बागवाला

मोहोर उशिरा आहे, खालच्या अंगाची कलमं आत्ता कुठे फुटतायत. पहिली तोडणी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात धरा. आईंचा नंबर मला मेसेजमध्ये पाठवा, आदल्या दिवशी मी स्वतः फोन करतो. खोपीतल्या बाईला निवड शिकायची आहे, आई शिकवतील का तेवढं विचारा.