भानुदासांनी विठोबा परत आणला: ही कथा इतिहास म्हणून सांगायची का?

भीमाकाठ:
आमच्या गल्लीतल्या सप्ताहात परवा भानुदासांचं आख्यान लागलं होतं. विजयनगरच्या कृष्णदेवरायाने पंढरीचा विठोबा आपल्या राजधानीत, म्हणजे आजच्या हंपीला नेला. पंढरी ओस पडली. तेव्हा पैठणचे भानुदास "देवाला घेऊनच येतो" म्हणून निघाले. रात्री कुलपं आपोआप गळून पडली, देवाने भेट दिली आणि स्वतःच्या गळ्यातला रत्नहार त्यांच्या गळ्यात घातला. सकाळी हाराचा शोध सुरू झाला, भानुदास सापडले, सुळाची शिक्षा झाली. आणि सुळाच्या कोरड्या लाकडाला पालवी फुटली. राजा शरण आला, देव लहान झाला आणि भानुदासांबरोबर पंढरीला परतला.

बुवांनी फार सुंदर सांगितलं, शेजारच्या आजींचे डोळे वाहत होते. शेवटी मात्र ते म्हणाले, "ही नुसती कथा नाही, हा इतिहास आहे." घरी येताना भाचीने विचारलं, "मग हंपीच्या देवळात नंतर कोण होतं?"

याच प्रश्नावर मी अडलो. कृष्णदेवराय गादीवर आला 1509 मध्ये. भानुदासांचा काळ परंपरेनेच 1448 ते 1513 असा सांगितला जातो. म्हणजे मूर्ती नेणं, पंढरीचा शोक, भानुदासांचं जाणं, येणं, सगळं चार वर्षांत बसवावं लागतं. बरं, तेही बसेल. पण हंपीच्या विठ्ठल मंदिराला 1513 मध्ये राण्यांनी गोपुरं बांधल्याची नोंद तिथल्याच शिलालेखात आहे. 1554 मध्ये त्याच देवळात देवाला झोके द्यायला उय्याले मंडप उभा राहिला. देव निघून गेला असेल तर चाळीस वर्षांनी झोपाळा कुणासाठी बांधला?

माझं म्हणणं एवढंच की कथा सांगा, जीव ओतून सांगा, पण तिच्यावर इतिहासाचा शिक्का मारू नका. उद्या हीच मुलं हंपीला जातील, शिलालेख वाचतील आणि मग कथेबरोबर सगळंच खोटं म्हणून टाकून देतील. मला त्याची भीती वाटते.

तुळशीमाळ:
भीमाकाठदादा, तुमची तळमळ कळली, पण मत पटलं नाही. आमच्या घरात चार पिढ्यांची वारी आहे. "कोरडिये काष्ठी अंकुर फुटले" हे खुद्द भानुदासांच्या अभंगातले शब्द आहेत. ज्याच्यावर बेतलं त्यानेच सांगितलंय, आणखी कोणता पुरावा हवा?

दुसरं, भानुदासांची समाधी कुठे आहे ते बघा. नामदेवराय पायरीशी आहेत. चोखोबा महाद्वारासमोर आहेत. भानुदास मात्र देवळाच्या आत आहेत. हा मान उगाच मिळतो का? पंढरीने त्यांचं काहीतरी फार मोठं देणं मानलं, म्हणूनच ना?

आणि कथा सांगणारे कोणी परके नव्हते. चक्रपाणी, सूर्यनारायण, एकनाथ, अशी ती पैठणच्या घरातच उतरत आली. नाथमहाराज म्हणजे भानुदासांचे पणतू. पणजोबांची गोष्ट घरात जपली जाते तिला दंतकथा म्हणायची?

दगडाची भाषा:
अभंगाचा मुद्दा जपून घ्यायला हवा. कोरड्या लाकडाला अंकुर फुटले, एवढंच अभंग म्हणतो. राजा, रत्नहार, देवाचं लहान होणं हे सविस्तर आपण ऐकतो ते संतचरित्रकार महिपतींकडून, आणि त्यांचा भक्तविजय हा ग्रंथ 1762 मध्ये पूर्ण झाला. मधे अडीचशे वर्षं गेली. महिपतींवर माझी श्रद्धा आहे, त्यांच्यामुळेच संतांची चरित्रं आपल्यापर्यंत पोचली. पण त्यांनी ऐकलेलं लिहिलं.

पंढरपूरच्या बाबतीत दगड किती बोलतो हे कीर्तनात कधी येत नाही, त्याचं वाईट वाटतं. 1237 चा होयसळ राजा सोमेश्वराचा लेख आहे, त्यात भीमेकाठचं पंडरगे, म्हणजे पंढरपूर आहे आणि पुंडलिकही आहे. देवळातला चौऱ्याऐंशीचा लेख 1273 ते 1277 चा, रामदेवराव यादवाच्या काळातला. त्यात दान देणाऱ्यांची यादी आहे. लोक त्या दगडाला पाठ घासतात, चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो म्हणून. पाठ घासून अक्षरं झिजली, पण त्या श्रद्धेमुळेच दगड जागेवर राहिला असंही मला वाटतं.

गडकोट:
मी भानुदासांच्या बाजूने एक गोष्ट मांडतो. कृष्णदेवराय मूर्ती आणणारा राजा होताच. उदयगिरीचा किल्ला जिंकल्यावर तिथली बाळकृष्णाची मूर्ती त्याने हंपीला आणली आणि नवं देऊळ बांधून तिची स्थापना केली. 1515 चा लेख आहे त्याचा. तेव्हा "राजा देव घेऊन गेला" हे हवेतून आलेलं नाही. एका ठिकाणी केलं ते दुसऱ्या ठिकाणी केलं नसेल कशावरून?

भीमाकाठ:
गडकोट, हा मुद्दा मोलाचा आहे आणि मी तो विचारात घेतला नव्हता. पण तो उलटाही लागतो. बाळकृष्ण आणला तेव्हा राजाने दगडावर कोरून ठेवलं. ती त्याच्यासाठी अभिमानाची गोष्ट होती. पंढरीचा विठ्ठल आणला असता तर त्याहून मोठ्या अक्षरांत कोरलं असतं. तसा लेख आजवर कुणी दाखवलेला नाही.

आणखी एक. बंगालचे संत चैतन्य महाप्रभू 1510-11 च्या दक्षिणयात्रेत पंढरपूरला आले, विठ्ठलाचं दर्शन घेतलं, आणि आपले थोरले बंधू इथेच निवर्तल्याचं त्यांना इथेच कळलं, असं त्यांच्या चैतन्यचरितामृत या चरित्रात आहे. म्हणजे ऐन त्या चार वर्षांत बंगालच्या परंपरेला विठोबा पंढरीतच दिसतो.

गडकोट:
चैतन्यचरितामृतही महाप्रभूंच्या मागे कित्येक वर्षांनी लिहिलेलं भक्तिचरित्र आहे. महिपतींना लावता तीच फूटपट्टी तिथेही लावा.

भीमाकाठ:
मान्य. तो पुरावा अर्धाच धरू. झोपाळ्याचा प्रश्न मात्र अजून उभा आहे.

सोलापूरची सून:
माहेर कानडी, सासर मराठी, म्हणून बोलते. आमच्याकडे ही कथा माहेरी कधी ऐकलीच नाही. आम्ही ऐकलं ते कानडी संत पुरंदरदासांचं. विठ्ठलाने दासांचं रूप घेतलं आणि देवाच्या हातातलं कडं एका नर्तकीला दिलं. चोरीचा आळ आला दासांवर, आणि त्यांना पंढरपूरच्या देवळातल्या खांबाला बांधून मारलं. कानडी भक्त त्या खांबाला अजून दासांचा खांब म्हणतात.

लग्नानंतर भानुदासांचं आख्यान पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला. देव स्वतःचा दागिना देतो, भक्तावर चोरीचा आळ येतो, शिक्षा होते, देव सोडवतो. दोन्हीकडे तीच गोष्ट! फक्त मराठी कथेत चोर ठरवणारा राजा कानडी आहे आणि कानडी कथेत मारणारे पंढरपूरचे.

कृष्णदेवरायाला खलनायक करू नका एवढंच माझं सांगणं आहे. ज्ञानोबा "कानडा हो विठ्ठलु" म्हणतात, तो देव दोन्ही घरचा आहे. "त्यांनी नेला, आम्ही आणला" हे ऐकताना माझ्यासारखीला बोचतं.

तुळशीमाळ:
ताई, वारकरी कीर्तनात राजाला दुष्ट म्हणत नाहीत. तो प्रेमानेच देव नेतो आणि शेवटी भानुदासांच्या पाया पडतो. तरी बोचत असेल तर सांगण्यात चूक होतेय, हे मी मान्य करते.

चंद्रभागा:
पंढरपुरात वाढलो. लहानपणी मूर्ती लपवल्याच्या इतक्या गोष्टी ऐकल्यात की भानुदासांची त्यांतली एक वाटायची. अफझलखान आला तेव्हा मूर्ती हलवली म्हणतात. औरंगजेबाची छावणी 1695 ते 1699 ब्रह्मपुरीला, म्हणजे अगदी उशाशी होती. तेव्हा देगावच्या पाटलांनी मूर्ती विहिरीत ठेवली असं सांगतात. माढ्याच्या देवळातली विठ्ठलमूर्तीच मूळची, असं संशोधक रा. चिं. ढेऱ्यांनी मांडलं तेव्हा किती वाद झाला ते जुन्या लोकांना आठवत असेल. मे 2024 मध्ये देवळाच्या जतनाचं काम चालू असताना फरशीखाली तळघर सापडलं, त्यात विष्णूच्या मूर्ती होत्या. त्या दिवशी आमच्या वाड्यात सगळे हेच म्हणत होते, "बघा, लपवायची जागा."

साल चुकलं असेल, राजाचं नाव चुकलं असेल. पण "देव जागेवर नाही" हा अनुभव या गावाने खरोखर घेतलाय. तो कुठल्यातरी एका कथेत साठायचाच होता, तो भानुदासांच्या कथेत साठला. म्हणून मला ती खोटी म्हणवत नाही आणि इतिहासही म्हणवत नाही.

भीमाकाठ:
चंद्रभागा, भाचीला हेच सांगेन. हंपीच्या गाभाऱ्यात 1565 च्या विजयनगरच्या विध्वंसापर्यंत देव होता, आज गाभारा रिकामा आहे, हेही सांगेन. बुवांना पुढच्या सप्ताहात विनंती करणार आहे की कथेआधी "परंपरा असं सांगते" एवढे तीन शब्द जोडा.

तुळशीमाळ:
दादा, चौऱ्याऐंशीचा लेख, उदयगिरीचा बाळकृष्ण, सगळं वाचलं, खूप शिकले. पण ते तीन शब्द मी जोडणार नाही. माझी आजी सुळाला पालवी फुटते तिथे आली की थांबायची. तिच्या तोंडून शब्द फुटायचा नाही, आम्ही नातवंडं गप्प बसून राहायचो. आता मीही तिथेच थांबते. त्या जागी दुसरं काही बोलायला मला जमणार नाही.