सुरमईसोबत परवडणारी वाइन कोणती?

दादरहून प्रश्न: आईबाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाला घरी सुरमई तळणार आहोत; सोबत हजाराच्या आतली, फार गोड नसलेली वाइन कोणी सुचवाल का?

मुलुंडहून उत्तर: नाशिकची सोव्हिन्यों ब्लाँ ही पांढरी वाइन घ्यावी. सुला या वाइन कंपनीने ती २००० साली बाजारात आणली, आणि तिची लिंबासारखी आंबटसर चव तळणीचा तेलकटपणा इतका हलका करते की शेवटची तुकडीही पहिल्यासारखीच लागते. बाटली दोन तास आधी फ्रिजमध्ये ठेवावी. कोमट वाइनची सारी लज्जत जाते.

पार्ल्याहून उत्तर: परदेशी हवी असल्यास ऑस्ट्रेलियाची पाहावी, कारण डिसेंबर २०२२ मध्ये लागू झालेल्या व्यापार करारामुळे पाच ते पंधरा अमेरिकी डॉलरच्या बाटल्यांचे आयात शुल्क १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आले. मटणासाठी मात्र अकलूजची सँजिओव्हेसे ही लाल वाइनच मला अधिक आवडते.

दादरहून: मनापासून आभार. नाशिकचीच आणतो.